आर्वीच्या नळ्या

रक्त कधी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, कागद बोलतो, प्रसंगी साक्षीदारही बोलतो. रक्त मात्र जे आहे तेच सांगतं. आमच्या विभागप्रमुखांचं हे ठेवणीतलं वाक्य. नव्या तुकडीचं स्वागत असो की जुन्या शिपायाचा निरोप समारंभ, ते येतंच. ते आलं की सर क्षणभर थांबतात, म्हणजे टाळ्यांना जागा मिळावी. मी वर्ध्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं रक्ताशीच काम करते आहे. माझा अनुभव असा, की शरीरात असेपर्यंत रक्त बऱ्यापैकी खरं बोलतं. नळीत भरून टेबलावर ठेवलं, की मग त्याचा भरवसा नाही.

हे मला फार उशिरा कळलं, आणि ते ज्या प्रकरणातून कळलं त्यात एका मुलीची चार वर्षं जायची वेळ आली होती.

ती आमच्याकडे पीएच.डी. करत होती. आर्वीची. वडील एसटीच्या आगारात मेकॅनिक. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली, आणि पीएच.डी. म्हणजे सुई टोचणारा डॉक्टर नव्हे हे वडिलांनी गल्लीत अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं. तिचा विषय सिकलसेल. आमच्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिनीत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. पण एकाच घरातल्या दोन भावांपैकी एकाला वर्षातून सहा वेळा दवाखाना गाठावा लागतो आणि दुसरा आरामात ट्रक चालवतो, हे का? त्याचं उत्तर ती रक्तातल्या निरोपांमध्ये शोधत होती.

निरोप म्हणजे प्रथिनं. शरीरातल्या संरक्षक पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप धाडतात: इकडे या, आग लागली, पुरे आता, परत जा. पूर्वी यातलं एक प्रथिन मोजायला एक अख्खी प्लेट आणि एक अख्खा दिवस जायचा. आता नवं यंत्र आलं आहे. त्यात डोळ्यांना न दिसणारे रंगीत मणी असतात. प्रत्येक रंगाचा मणी एकाच प्रथिनाला पकडतो. रक्ताच्या एका थेंबात सगळे मणी सोडायचे, यंत्र मण्याचा रंग पाहून प्रथिन ओळखतं आणि त्याची चकाकी पाहून किती ते सांगतं. एका थेंबातून सत्तावीस प्रथिनं. कापसाच्या बाजारात उभं राहून सगळ्या अडत्यांचं ओरडणं एकाच वेळी ऐकायचं आणि कोण काय भाव बोलला ते वेगवेगळं लिहून काढायचं, तसं ते आहे. यंत्राच्या उद्घाटनाला सरांनी नारळ फोडला होता. पाणी यंत्रावर उडालं आणि यंत्र आठवडाभर बंद होतं. पण तो विषय वेगळा.

तिने दोन ठिकाणी शिबिरं घेतली. एक हिंगणघाटला, एक आर्वीजवळच्या गावातल्या शाळेत. दोन्हीकडे रुग्णांचं रक्त घेतलं आणि तुलनेसाठी त्यांच्या निरोगी नातेवाइकांचं आणि गावातल्या चार लोकांचंही. नमुने वर्ध्याला आले, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये गेले आणि यथावकाश प्लेटवर चढले.

आकडे आले तेव्हा सरांनी तिला पेढे आणायला पाठवलं. हिंगणघाटचे रुग्ण ठीकठाक होते. आर्वीकडच्या प्रत्येक नमुन्यात मात्र दाह वाढवणारी सात-आठ प्रथिनं आकाशाला भिडली होती. सरांनी दुपारपर्यंत या गोष्टीला नाव दिलं, संध्याकाळपर्यंत तिचं कारण शोधलं. आधी विहिरींचं पाणी, मग संत्र्यांवरची फवारणी, शेवटी ‘स्थानिक जनुकीय वारसा’. दुसऱ्या दिवशी ते एका वार्ताहराशी फोनवर बोलताना मी ऐकलं. “आमचा शोध,” ते म्हणत होते. “आमच्या विभागाचा.”

मला तेव्हाच खटकलं होतं. आर्वीकडच्या निरोगी लोकांतही तेच वाढलं होतं. त्यात त्या शाळेचे हेडमास्तर होते. आकडे पाहिले तर हा माणूस अतिदक्षता विभागात नळ्या लावून पडलेला असायला हवा. शिबिराच्या फोटोत तर ते खांद्यावर सतरंज्यांचा गठ्ठा घेऊन हसत होते.

मी गप्प बसले. सरांच्या आनंदात दगड टाकण्याचं काम मी याआधी दोनदा केलं होतं आणि दोन्ही वेळा माझ्या वाट्याला परीक्षेच्या पर्यवेक्षणाचं काम जास्त आलं होतं.

दगड शेवटी बाहेरून आला. तिच्या कामावर देखरेख करणाऱ्या समितीत परगावचे एक तज्ज्ञ होते. त्यांनी आकडे पाहून एवढंच लिहिलं, की एकाच गावात आजारी-निरोगी सगळ्यांची प्रथिनं एकाच प्रमाणात वाढणं संशयास्पद आहे. आकडे बनवलेले नाहीत ना याची खात्री करावी, आणि बनवलेले असतील तर नोंदणी रद्द करावी.

ते पत्र वाचल्यावर सर म्हणाले, “तिचे आकडे आहेत.” एका रात्रीत शोधाची मालकी बदलली होती.

चौकशी माझ्याकडे आली. “तुमचा कुणावर विश्वास नसतो,” सर म्हणाले, “तेव्हा तुम्हीच बघा. महिनाभरात अहवाल हवा.”

मी तिला बोलावलं. ती समोर येऊन उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

“तू आकड्यांना हात लावलास?”

“नाही मॅडम.”

“नमुन्यात काही मिसळलंस?”

“काय मिसळणार मॅडम? आणि काऊन मिसळणार?” रागावली की तिची आर्वी बाहेर यायची. “हिंगणघाटचे आकडे साधे आले तेव्हा मी काही बोलली का? साधेच आले असते तरी माझं काम झालं असतं ना. शोध मला नाही लागला, सरांना लागला.”

हे खरं होतं. पण खरं वाटणाऱ्या गोष्टींचाच मला जास्त संशय येतो. तिला घरी जायला सांगितलं, तिच्याकडून फ्रीजरची किल्ली घेतली, आणि ती देताना तिचा हात किती थंड होता हे मी नोंदवून ठेवलं नाही. आता लिहिते आहे.

पहिला संशय तिच्यावर होता, म्हणून उरलेले नमुने मी स्वतः प्लेटवर चढवले. आर्वी आणि हिंगणघाट शेजारी-शेजारी, कोणता नमुना कुठला हे मलाच दिसणार नाही अशा चिठ्ठ्या लावून. आकडे पुन्हा तेच. म्हणजे तिने कागदावर काही केलं नव्हतं. दुसरा संशय यंत्रावर, नारळाच्या पाण्यापासूनचा. यंत्र निर्दोष निघालं. तिसरा फ्रीजरवर. वीज गेली असेल, नमुने वितळून पुन्हा गोठले असतील. फ्रीजरच्या नोंदी पाहिल्या. उन्हाळ्यातसुद्धा त्याने शिस्त सोडली नव्हती. आमच्या इमारतीत असं वागणारा तो एकटाच. चौथा संशय गाडीवर गेला. आर्वीहून येताना बर्फाचा डबा उन्हात राहिला असेल, ड्रायव्हर कुठे जेवायला थांबला असेल.

आमचे ड्रायव्हर निवृत्तीला आलेले गृहस्थ. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. मी गॅरेजमध्ये गेले तेव्हा ते सीटवर आडवे पडून पेपर वाचत होते.

“भाऊ, आर्वीच्या शिबिराहून येताना गाडी कुठे थांबली होती?”

“कुठीच नाई. काऊन?”

“बर्फाचा डबा उघडला होता का कुणी?”

ते उठून बसले. “मॅडम, मले माईत आहे तुमी काऊन इचारून राह्यल्या. त्या पोरीवर नाव घेऊन राह्यले ना सगळे? आन् आता माह्यावर घेता?”

“मी कुणावर नाव घेत नाही. विचारते आहे.”

“मंग आयका. डबा उनात नव्हता. डब्यात बरफ बी होता. पन नळ्याच नव्हत्या त्याच्यात, त्या टायमाले.”

“कुठल्या टायमाला?”

“साहेब येऊन राह्यले होते ना. सकाळपासून येऊनच राह्यले होते.”

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी गॅरेजच्या दारात उभी राहून ऐकलं.

शिबिराचं उद्घाटन होतं. प्रमुख पाहुणे होते. रुग्ण उपाशीपोटी हवेत म्हणून रक्त सकाळी साडेनऊ ते सव्वादहात घेऊन झालं. नळीतलं रक्त गोठलं की ती यंत्रात घालून गरगर फिरवायची, वरचं पाणी वेगळं काढायचं आणि बर्फात ठेवायचं. हे तासाभरात व्हायला हवं. पण शाळेच्या हॉलमध्ये चालू प्लग एकच. त्याला माइक लावला होता. पोरीने फिरवायचं यंत्र त्याच बोर्डाला लावलं, तर फ्यूज उडाला आणि हॅलो हॅलो बंद पडलं.

“सर तिच्यावर असे वरडले,” भाऊ म्हणाले. “म्हनाले, दहा मिनिटं थांब, साहेब फाट्यावर पोचले. दहा मिनिटानं तिनं पुन्हा इचारलं. पुन्हा दहा मिनिटं. तुमी सांगा, फाट्यावरून गावात याले किती टाइम लागते?”

“किती?”

“पायी पंधरा मिनिटं. साहेब दीड वाजता आले. मंग बोलले. मी गाडीत झोपून उठलो तरी बोलूनच राह्यले होते.”

“आणि नळ्या?”

“टेबलावर. हारतुऱ्याच्या बाजूले.”

हिंगणघाटला मात्र प्रमुख पाहुण्यांनी ऐनवेळी येणं रद्द केलं होतं. तिथे माइकच लागला नाही.

त्या संध्याकाळी बोरगाव मेघेला घरी आल्यावर मी मोबाइल उघडला. सरांनी आर्वीच्या शिबिराचे चाळीसेक फोटो विभागाच्या ग्रुपवर टाकले होते; आम्ही सगळ्यांनी न बघता हात जोडले होते. आता बघितले. दीपप्रज्वलनाच्या फोटोत सर आणि पाहुणे समईवर वाकलेले, मागे भिंतीवर शाळेचं घड्याळ, एक वाजून पस्तीस मिनिटं. आणि घड्याळाखाली, पाहुण्यांच्या कोपराशेजारी, हार आणि नारळाच्या मध्ये, लाल बुचांच्या नळ्यांचा स्टँड. पुढे शाल देतानाच्या फोटोत तोच स्टँड. पाहुणे बोटं नाचवत बोलताहेत त्या फोटोत तोच. घड्याळ दोन दहा. मार्च संपत आला होता आणि हॉलवर पत्रे होते.

बाहेर काढलेलं रक्त मेलेलं नसतं, हे मी मुलांना शिकवते. नळीतल्या पेशींना आपण शरीराबाहेर आलो आहोत हे कुणी सांगितलेलं नसतं. काचेचा स्पर्श, उकाडा, उपासमार. त्या आपल्या परीने संकट ओळखतात आणि निरोप धाडायला लागतात. इकडे या, आग लागली. यायला कुणी नसतं, तरी निरोप वाढत जातात. चार तासांनी नळी फिरवली, की ते सगळे निरोप माणसाच्या नावावर जमा होतात. आर्वीच्या पाण्यात काही नव्हतं आणि संत्र्यांतही नव्हतं. सरांनी शोधलेला स्थानिक वारसा म्हणजे त्या नळ्यांनी पाहुण्यांची पाहिलेली वाट होती.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. प्रत्येक नमुन्यासोबत एक फॉर्म येतो. त्यावर नळी कधी फिरवली त्याची वेळ लिहायची असते. आर्वीच्या सगळ्या फॉर्मांवर सुवाच्य अक्षरात एकच वेळ होती: पावणेअकरा. म्हणजे आकडे खरे आणि वेळ खोटी. नोंदणी रद्द करायला समितीला एवढंही पुरलं असतं.

मी तिला पुन्हा बोलावलं आणि फॉर्म पुढे ठेवले. या वेळी ती बसली.

“फॉर्म मी आदल्या दिवशीच भरून नेले होते मॅडम. शिबिरात गर्दी होते म्हणून. हिंगणघाटचेही तसेच भरले होते. तिथं वेळेवर झालं.”

“आणि आर्वीत वेळेवर झालं नाही, तेव्हा वेळ का नाही बदललीस?”

तिने समोरचा फॉर्मांचा गठ्ठा उगाच सरळ केला.

“सरांची भीती?”

“सरांची नाही,” ती खाली बघत म्हणाली. “तुमची. खाडाखोड केलेला फॉर्म तुम्ही परत पाठवता. एकदा एका फॉर्मवर एक आकडा बदलला होता, तर तुम्ही मला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. कोरे फॉर्म संपले होते मॅडम.”

मी फॉर्मांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या तळाशी ‘तपासले’ असं छापलेलं होतं आणि त्यापुढे माझी सही होती. नमुने त्या दिवशी मीच उतरवून घेतले होते. गाडी ठरल्यापेक्षा तीन तास उशिरा आली होती, आणि उशीर का झाला हे मी विचारलं नव्हतं, कारण फॉर्म इतके स्वच्छ होते. सव्वीस वर्षांत मी प्रत्येकावर संशय घेतला होता. नीटनेटक्या अक्षरावर तेवढा घेतला नव्हता.

आता नुसती गोष्ट सांगून समितीचं समाधान होणार नव्हतं. म्हणून मी, ती, भाऊ आणि समोरच्या कार्यालयातला एक कुरकुऱ्या लिपिक, असं चौघांनी रक्त दिलं. सरांनाही विचारलं. ते म्हणाले, नाश्ता झाला आहे. प्रत्येकाच्या पाच-पाच नळ्या भरल्या, एसी बंद केला, नळ्या टेबलावर ठेवल्या. पहिली अर्ध्या तासाने फिरवली, पुढच्या एकेक तासाने.

“माइक बी आनू का?” भाऊंनी विचारलं. “तसंच्या तसं पाह्यजे ना?”

“भाषण कोण करणार?” लिपिक म्हणाला.

“तुमी करा. तुमी बी काम थांबवूनच ठेवता.”

प्लेट दुसऱ्या दिवशी वाचली. पहिल्या नळीत चौघेही ठणठणीत. मग तासागणिक तीच सात-आठ प्रथिनं, त्याच क्रमाने, वर वर. चौथ्या तासाला भाऊ कागदोपत्री अत्यवस्थ होते. प्रत्यक्षात त्या वेळी ते खाली टपरीवर दुसरा चहा पीत होते. ती आलेखाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग एकदम रडायला लागली. या सगळ्या चौकशीत ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली, आणि ते लिपिकाच्या इंटरल्यूकिन-आठ नावाच्या प्रथिनाकडे बघून.

समितीची बैठक झाली. परगावचे तज्ज्ञ पडद्यावर होते, सर माझ्या शेजारी. मी आलेख दाखवले, मग फोटो. दीपप्रज्वलनाच्या फोटोवर सर पुढे झुकले. फोटो चांगला आला होता. मग फॉर्म दाखवले. वेळ तिने लिहिली, खाडाखोडीचा नियम माझा, सही माझी, असं तिन्ही सांगितलं.

“म्हणजे शोध नाहीच?” सर हळूच म्हणाले.

“आहे ना सर. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तर रक्तात काय काय वाढतं, याचा.”

पडद्यावरचे गृहस्थ खोकले. ते हसू होतं की खोकला, हे नेटवर्कमुळे कळलं नाही. निर्णय असा झाला: आकडे बनवलेले नाहीत, नोंदणी कायम, आर्वीचे नमुने बाद, शिबिर पुन्हा घ्यावं, आणि चुकीच्या वेळेबद्दल तिला ताकीद. ताकीद मलाही द्या, असं मी लिहून दिलं. कार्यालयाने कळवलं की चौकशी अधिकाऱ्याला ताकीद देण्याची तरतूद नाही. मी एवढंच करू शकले, की फॉर्म बदलला. आता वेळेचा रकाना रुंद आहे आणि खाली छापलं आहे: चुकल्यास खोडून खरी वेळ लिहावी.

दुसरं शिबिर त्याच शाळेत झालं. उद्घाटन नाही, हार नाहीत, प्लग मोकळा. चहा मिळणार का, असं दोघांनी विचारलं आणि नाही म्हटल्यावर ते जरा नाराज झाले. त्या फॉर्मांवर भरपूर खाडाखोड होती. आकडे आले ते हिंगणघाटसारखेच. हेडमास्तर पूर्ण बरे झाले होते. दोन भावांतला फरक मात्र रुग्णांच्या आकड्यांत बारीकसा दिसत होता, आणि तिच्या प्रबंधाचं ते खरं प्रकरण झालं. बाद झालेल्या नळ्यांचं वेगळं प्रकरण तिने शेवटी जोडलं. परीक्षकांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्यावरच विचारले. तिला तेच सगळ्यात पाठ होतं.

तिला पदवी मिळाल्यावर विभागाने सत्कार ठेवला. वडील आगारातून रजा टाकून आले होते, पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून. मला म्हणाले, “मॅडम, पोरीनं सांगितलं तुमी लय त्रास देल्ला.” मी हो म्हटलं. ते म्हणाले, “बरं झालं,” आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. सरांनी रक्त कधी खोटं बोलत नाही हे वाक्य म्हटलं, थांबले, टाळ्या झाल्या. प्रमुख पाहुणे तेच होते.

कार्यक्रम अकराचा होता. सुरू एक वाजून दहा मिनिटांनी झाला. इतिवृत्तात अकराच लिहिलं आहे, खाडाखोड नाही, आणि खाली सही माझी आहे.